ग्रॉसिंग रूमची हवा मोजून देणारी सेवा : नागपुरातील एका प्रयोगशाळेचा अभिप्राय

फॉर्मालिन हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या श्वासातून किती फॉर्मल्डिहाइड वायू आत जातो हे मोजून देणारी आणि ते कमी कसे करावे हे सुचवणारी सेवा आमच्या रुग्णालयाने गेल्या वर्षी घेतली. तिच्याविषयी शहरातील इतर लॅबवाल्यांकडून सारखी विचारणा होत असल्याने हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे. रुग्णालय रामदासपेठेतले, मध्यम आकाराचे. मी तेथील हिस्टोपॅथॉलॉजी विभागाचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या विभागाचे, तांत्रिक काम पाहते. सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नागपुरात हे काम करणारे मोजकेच आहेत, आणि गुणांबरोबर दोषही लिहायचे असल्याने नाव घेतल्यास हा मजकूर एक तर जाहिरात वाटेल किंवा तक्रार. माझे मत सुरुवातीलाच सांगते : सेवा घेण्याजोगी आहे, परंतु काय मोजायचे, कोणाचे मोजायचे आणि कोणत्या वेळी मोजायचे हे आपण ठरवून दिले तरच. त्यांच्यावर सोडले असते तर आम्हाला एक देखणा, निर्धोक आणि निरुपयोगी अहवाल मिळाला असता.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. शस्त्रक्रियेत काढलेला अवयव किंवा गाठ कुजू नये म्हणून ती फॉर्मालिनमध्ये ठेवतात. मूळ फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळवलेले सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड, त्यात स्थिरतेसाठी थोडे मेथेनॉल. आपण ज्याला दहा टक्के फॉर्मालिन म्हणतो त्यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड चार टक्क्यांच्या आसपास असते. बरणी उघडली, अवयव टेबलावर घेऊन कापायला (यालाच ग्रॉसिंग म्हणतात) सुरुवात केली, की हा वायू डोळ्यांना आणि घशाला झोंबू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. त्या वेळी मुख्य पुरावा नाकाच्या मागील भागातील घशाच्या कर्करोगाचा होता, आणि पुढे २००९ मधील फेरआढाव्यात रक्ताच्या कर्करोगाचीही त्यात भर पडली. त्वचेची ॲलर्जी आणि दमा हे त्याहून रोजचे त्रास. तरीही लॅबमध्ये या सगळ्याची चर्चा फारशी होत नाही, कारण वासाची सवय होते. नवीन मुलगी रुजू झाली की पहिला आठवडा डोळे पुसत असते, महिन्याभरात तिला काहीच जाणवेनासे होते, आणि आपण समजतो की ती रुळली. वास्तविक नाक थकलेले असते, हवा तशीच असते.

फॉर्मालिन सोडून दुसरे काही का वापरत नाही, असा प्रश्न व्यवस्थापनाकडून हमखास येतो. ग्लायोक्झॅलवर आधारित द्रावणे बाजारात आहेत. मात्र स्तनाच्या कर्करोगातील हार्मोन रिसेप्टरसारख्या चाचण्यांचे सगळे निकष फॉर्मालिनमध्ये सहा ते बहात्तर तास ठेवलेल्या ऊतींवर बेतलेले असल्याने आमच्यासारख्या विभागाला ते इतक्यात सोडता येत नाही. म्हणजे पदार्थ राहणार. प्रश्न तो हवेत किती येऊ द्यायचा एवढाच उरतो.

आता सेवेकडे वळते. संस्थेचा प्रतिनिधी पहिल्या भेटीला आला तो छापील प्रस्ताव घेऊनच. ग्रॉसिंग रूमच्या भिंतीवर एक नमुना घेणारा पंप लावायचा, तो आठ तास चालवायचा, आणि आलेला आकडा कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीतील मर्यादेशी ताडून पाहायचा, असा तो प्रस्ताव होता. या अनुसूचीत फॉर्मल्डिहाइडची आठ तासांची सरासरी मर्यादा १ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, आणि अल्पकाळाची मर्यादा २ पीपीएम दिलेली होती (हा अधिनियम २०२५ मध्ये रद्द झाला). प्रस्तावात दुसऱ्या आकड्याचा उल्लेखच नव्हता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी तो वाचला आणि शांतपणे विचारले, की आठ तासांतले साडेपाच तास त्या खोलीत कोणीच नसते, तर ती रिकामी खोली मोजून तुम्ही कोणाची काळजी घेणार?

हा मुद्दा या सगळ्या व्यवहाराचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. कापडगिरणीतील धुरळा दिवसभर कमी-अधिक सारखा असतो. हिस्टोपॅथॉलॉजीतील फॉर्मल्डिहाइड तसे नसते. सकाळी खोली जवळपास स्वच्छ असते, दुपारी ग्रॉसिंग सुरू झाले की पातळी चढते, मोठा नमुना, म्हणजे काढलेला अवयव, उघडला की झटकन उसळते, आणि टेबल धुऊन झाले की उतरते. आठ तासांची सरासरी काढली की ही उसळी पुसली जाते. झोंबणे आणि खोकला प्रामुख्याने अशा उसळीच्या वेळी होतो, म्हणून अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने आठ तासांसाठी ०.७५ पीपीएमची मर्यादा घातली असली तरी पंधरा मिनिटांसाठी २ पीपीएमची मर्यादा वेगळी ठेवली आहे, आणि सरासरी ०.५ पीपीएमवर पोहोचली तरी काही जबाबदाऱ्या लागू होतात. युरोपीय संघाची मर्यादा त्याहून कडक, सरासरी ०.३ आणि पंधरा मिनिटांसाठी ०.६. अमेरिकेचीच व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्था तर पंधरा मिनिटांसाठी ०.१ पीपीएमच्या वर जाऊ नये असे सुचवते. एकाच वायूसाठी एवढे वेगवेगळे आकडे पाहून गोंधळायला होते. माझ्या मते कर्करोग घडवणाऱ्या पदार्थाच्या बाबतीत त्या अनुसूचीतील १ पीपीएम हा आकडा गाठू नये अशी शेवटची रेषा मानावी. तिच्या आत आलो म्हणजे झाले, असे समजू नये. शिवाय रुग्णालयातील लॅब सहसा कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही, त्यामुळे तपासायला कोणी येईल आणि मग बघू, या भरवशावर राहण्यातही अर्थ नाही.

प्रतिनिधीने वाद घातला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे. त्याने कार्यालयात फोन केला, आणि दोन दिवसांनी सुधारित प्रस्ताव घेऊन त्यांच्या वरिष्ठ तज्ज्ञ बाई स्वतः आल्या. यापुढचा सगळा अनुभव त्यांच्यामुळे वेगळा झाला. त्यांनी आधी खोली पाहिली नाही, काम पाहिले. कोण बरणी उघडते, कोण कापते, कोण कॅसेट (ऊतींचे तुकडे ठेवायच्या छोट्या डब्या) भरते, फॉर्मालिन कोण तयार करते, जुने नमुने कोण फेकते, हे त्या अर्धा दिवस नुसते बघत आणि लिहीत होत्या. त्यानंतर ठरले, की भिंतीवरचा पंप नको; माणसांच्या कॉलरला नळी लावायची, नाकापासून वीतभर अंतरावर, आणि जास्त वेळ चालणाऱ्या नमुन्यांबरोबर ठरावीक कामांच्या वेळी पंधरा-पंधरा मिनिटांचे वेगळे नमुने घ्यायचे.

उपकरणांबाबत एक गोष्ट सावधगिरीची म्हणून सांगते. ऑनलाइन मिळणारे, हातात धरायचे, पडद्यावर लगेच आकडा दाखवणारे स्वस्त मीटर अनेक लॅबनी घेऊन ठेवले आहेत. त्यांतील विद्युतरासायनिक सेन्सर अल्कोहोललाही प्रतिसाद देतात, आणि टिश्यू प्रोसेसरच्या, म्हणजे ऊतींतले पाणी अल्कोहोलने काढणाऱ्या यंत्राच्या, शेजारी अल्कोहोलची वाफ नसेल तर दुसरे काय असेल? उलट, उद्योगांत रंग आणि सॉल्व्हंटसाठी वापरला जाणारा, दिव्याच्या प्रकाशाने वायू ओळखणारा मीटर इथे आणला तर तो फॉर्मल्डिहाइडकडे ढुंकूनही पाहत नाही. कारण त्यातील नेहमीचा दिवा १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो आणि फॉर्मल्डिहाइडला त्याहून जास्त, सुमारे १०.८८ लागतात. एक यंत्र भलतेच मोजते, दुसरे मोजतच नाही. या संस्थेने डीएनपीएच नावाचे रसायन लावलेल्या सिलिकाच्या छोट्या नळ्या वापरल्या. पंप ठरावीक वेगाने हवा त्यातून ओढतो, फॉर्मल्डिहाइड त्या रसायनाशी बांधले जाते, आणि नंतर प्रयोगशाळेत एचपीएलसी या रसायने वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर त्याचे मोजमाप होते. या पद्धतीत आकडा लगेच मिळत नाही, पण जो मिळतो तो फॉर्मल्डिहाइडचाच असतो. हातातला मीटर त्यांनीही आणला होता, तो फक्त वाफ कुठून येते हे हुंगायला. त्याचा एकही आकडा अहवालात घेतला नाही, हे मला आवडले.

प्रत्यक्ष मोजणीच्या दिवसाचे काम नीटस होते. प्रत्येक पंपाचा वेग सुरुवातीला आणि शेवटी प्रवाहमापकावर तपासून लिहून ठेवला. एक नळी उघडून लगेच बंद केली आणि बाकीच्यांबरोबर तशीच पाठवली, म्हणजे वाहतुकीत किंवा हाताळणीत काही मिसळले असेल तर ते कळावे. नळ्या उजेडापासून झाकून बर्फाच्या डब्यात ठेवल्या. एप्रिल संपत आला होता, बाहेर पारा चव्वेचाळीसवर, आणि नमुने दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत जायचे होते. अशा वेळी गाडीच्या डिकीत नळ्या टाकून नेणारी माणसे मी दुसऱ्या कामांत पाहिलेली आहेत. सेवा घेताना हे तीन प्रश्न विचारावेत : पंप दोनदा तपासता का, रिकामी नळी सोबत पाठवता का, नमुने थंड ठेवता का. उत्तर देताना समोरचा चाचरला तर पुढे जाऊ नये.

पंप कमरेला घरघरत असतो आणि नळी कॉलरला चिमट्याने अडकवलेली असते. आमच्या मदतनीस मावशींना ती लावली तेव्हा त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिले आणि आवाज एकदम खाली आणून विचारले, "मॅडम, आता जे बोलीन ते टेप होऊन राहिलं का जी?" तज्ज्ञ बाईंनी हसून पंप उघडून दाखवला, हवा कशी जाते ते समजावले, आणि मगच काम सुरू केले. अशा समजावण्याला वेळ लागतो, पण तो दिला नाही तर माणसे नळी खिशात घालून ठेवतात किंवा त्या दिवशी मुद्दाम जपून काम करतात, आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही.

अहवालातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष या मावशींच्या नळीतून निघाला. आमच्या सगळ्यांची समजूत अशी, की धोका कापणाऱ्या डॉक्टरांना. त्यांचे नाक नमुन्यावर झुकलेले असते. डॉक्टरांचा आकडा जास्त होताच. परंतु रिपोर्ट जाऊन ठरावीक मुदत उलटलेले जुने नमुने ज्या दिवशी टाकायचे असतात, त्या दिवशी मावशी मागच्या मोरीच्या खोलीत उभ्या राहून एकेक बरणी उघडतात, फॉर्मालिन गाळणीतून ड्रममध्ये ओततात, ऊती पिवळ्या पिशवीत टाकतात आणि बरणी विसळतात. खोलीला खिडकी आहे, पण ती कबुतरांमुळे कायमची बंद. त्या कामाचा पंधरा मिनिटांचा नमुना २ पीपीएमची मर्यादा ओलांडून गेला, आणि कोणत्याही डॉक्टर-तंत्रज्ञापेक्षा तो वर होता. भिंतीवरच्या पंपाला हे कधीही दिसले नसते, कारण ती खोली मूळ प्रस्तावात नव्हतीच. ज्यांचे नाव ड्यूटीच्या तक्त्यात "इतर कर्मचारी" या शीर्षकाखाली येते त्यांच्या श्वासात सर्वांत जास्त विष जात होते, ही गोष्ट कागदावर आल्यावर व्यवस्थापनाची भाषा बदलली, हेही नोंदवते.

उपायांचा भाग मी सर्वांत जास्त गुण देऊन उत्तीर्ण करते, कारण त्यात मास्क शेवटी होता. खोलीत आमच्याकडे एक मोठा एक्झॉस्ट पंखा होता, भिंतीवर उंच, अगदी छताजवळ. तज्ज्ञ बाईंनी टेबलाच्या कडेला उदबत्ती धरली. धूर टेबलावरून सरळ वर चढला, कापणाऱ्याच्या तोंडासमोरून गेला आणि मग पंख्याकडे वळला. खोलीतली हवा बाहेर जात होती हे खरे, पण आमच्या नाकाच्या वाटेने. फॉर्मल्डिहाइडचा वायू हवेपेक्षा किंचितच जड, जवळपास तिच्याइतकाच; तो आपोआप खाली बसेल किंवा वर निघून जाईल असे मानण्यात अर्थ नाही, ज्या दिशेला हवा ओढाल त्या दिशेला तो जातो. म्हणून ओढ टेबलाच्या पृष्ठातून खाली किंवा मागच्या कडेतून हवी, आणि ती नमुन्याजवळ सेकंदाला सुमारे अर्धा मीटर या वेगाची हवी. हे तत्त्व नवे नाही, वैद्यकीय उपकरणांच्या कॅटलॉगमध्ये असली टेबले वर्षानुवर्षे दिसतात. पण उदबत्तीचा धूर स्वतःच्या चेहऱ्यावरून जाताना पाहिल्यावर जे पटते ते कॅटलॉगने पटत नाही.

येथे एक तक्रार. याच संस्थेने अहवालाच्या शेवटी स्वतःच्या सहयोगी कंपनीच्या ग्रॉसिंग टेबलाचे कोटेशन जोडले होते, आणि मजकुराची रचना अशी, की उपाय म्हणजे तेच टेबल असे वाटावे. ज्याने दोष शोधायचा त्यानेच इलाज विकायचा, ही पद्धत मला पटत नाही, मग माल कितीही चांगला असो. आम्ही त्यांच्याकडून फक्त मापे आणि हवेच्या वेगाची अट लिहून घेतली आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलचे काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून टेबल बनवून घेतले. खर्च बराच वाचला. धुराडे गच्चीच्या वर नेले, कारण पहिल्या आराखड्यात ते खालच्या मजल्यावरील प्रतीक्षा कक्षाच्या खिडकीशेजारी उघडत होते. टेबल बसल्यावर हवेचा वेग येऊन तपासून देण्याचे काम संस्थेने वेगळे पैसे न घेता केले, हे श्रेय त्यांना द्यायला हवे.

नागपूरच्या दृष्टीने महत्त्वाचा असा एक मुद्दा त्यांच्या छापील मजकुरात कुठेच नव्हता. तो बोलण्यातून निघाला. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर असतो. कूलर बाहेरची हवा भरपूर आत ढकलतो, त्यामुळे एका अर्थाने तो बंद खोलीतल्या स्प्लिट एसीपेक्षा बरा; तसला एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून फिरवतो, ताजी हवा देत नाही, आणि खोली गार वाटते म्हणून सगळे निर्धास्त. परंतु कूलरचा झोत सरळ टेबलावर येत असेल तर टेबलाची ओढ मोडते आणि वाफ खोलीभर पसरते. त्यातच कूलरमुळे खोलीत हवेचा दाब वाढून दार उघडले की ती कॉरिडॉरमध्ये जाते, जिथे नातेवाईक बसलेले असतात. आम्ही कूलर टेबलाच्या विरुद्ध टोकाच्या खिडकीत हलवला, झोत छताकडे केला, आणि ग्रॉसिंग चालू असताना छताचा पंखा बंद ठेवण्याचा नियम केला. मे महिन्यात हा नियम पाळून घेणे किती कठीण, हे नागपूरकराला सांगायला नको. उष्म्याने द्रावणातून वाफ जास्त निघते, म्हणजे पंखा सर्वांत हवाहवासा वाटतो तेव्हाच तो सर्वांत नकोसा. पावसाळ्यात कूलर बंद, खिडक्या बंद, आणि मग टेबलाच्या ओढीला बाहेरून हवा मिळावी म्हणून दाराच्या खाली जाळी बसवावी लागली. हवा आत यायला वाट नसेल तर बाहेर काढणारा पंखा नुसता आवाज करतो.

कामाच्या पद्धतीतील सूचना बहुतेक फुकटच्या होत्या. मोठा नमुना कापण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली थोडा धुऊन घ्यावा. बरणी गरजेपुरतीच उघडी ठेवावी. सांडलेले फॉर्मालिन कापडाने पुसून ते कापड उघड्या बादलीत न टाकता झाकणाच्या डब्यात टाकावे. मूळ फॉर्मालिनमध्ये पाणी मिसळून दहा टक्क्यांचे करण्याऐवजी तयार द्रावण विकत घ्यावे, म्हणजे सर्वांत तीव्र बाटली उघडण्याचा प्रसंगच टळतो. यातील शेवटची सूचना खर्चिक म्हणून खरेदी विभागाने दोनदा परत पाठवली आणि तिसऱ्यांदा मान्य केली. टाकून द्यायचे फॉर्मालिन मोरीत सोडायचे नाही, हे आम्हाला ठाऊक होते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ते रासायनिक द्रव कचऱ्यात मोडते आणि सांडपाण्यात मिसळण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया करावी लागते. पण हाडे मऊ करण्यासाठी वापरायचे हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फॉर्मालिनचा ड्रम एकाच कोपऱ्यात ठेवू नये, हे कोणी सांगितले नव्हते. या दोघांच्या वाफा एकत्र आल्या तर बिस-क्लोरोमिथाइल ईथर नावाचा अत्यंत घातक कर्करोगकारक पदार्थ तयार होऊ शकतो. ॲसिड त्याच संध्याकाळी दुसऱ्या कपाटात गेले.

मास्कच्या बाबतीत संस्थेचे प्रशिक्षण उत्तम झाले. सर्जिकल मास्क आणि एन-९५ हे दोन्ही वायू अडवत नाहीत, पहिला थेंबांसाठी आणि दुसरा कणांसाठी, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले, आणि कोविडपासून एन-९५ला सर्व रोगांचा इलाज मानणाऱ्या आमच्या अर्ध्या स्टाफचे चेहरे उतरले. जुने नमुने टाकण्याच्या कामासाठी आता रबरी अर्धमुखवटा आणि त्याला दोन कार्ट्रिज (वायू शोषणाऱ्या डब्या) अशी व्यवस्था आहे. कार्ट्रिज घेताना त्यावर फॉर्मल्डिहाइडचा उल्लेख स्पष्ट असला पाहिजे. रंगाच्या दुकानात मिळणारे नुसत्या सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज चालत नाही. दाढी असेल तर मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही, आणि या मुद्द्यावर आमच्या एका तरुण सहकाऱ्याने प्रशिक्षकाशी बराच वेळ वाटाघाटी केल्या. कार्ट्रिज वास येऊ लागेपर्यंत वापरू नये, ठरवलेल्या मुदतीत बदलावे, आणि काम झाल्यावर हवाबंद पिशवीत ठेवावे, कारण ते उघड्यावर टांगून ठेवले तरी हवेतले शोषतच राहते. अर्धमुखवटा डोळे झाकत नाही म्हणून गॉगल वेगळा. हातमोजे पातळ लेटेक्सचे होते, ते नायट्राइलचे झाले. हे सगळे मराठीत आणि नागपुरी हिंदीत, प्रत्येकाच्या हातात वस्तू देऊन शिकवले गेले.

म्हणूनच अहवाल फक्त इंग्रजीत, आणि तोही जाडजूड, याचे आश्चर्य वाटले. निम्मी पाने कुठल्याही उद्योगाला चालतील अशी होती. एके ठिकाणी तर "वेल्डिंग विभाग" असा उल्लेख राहून गेला होता. मावशींच्या कामाविषयीचा निष्कर्ष पुरवणीतील एका तक्त्याच्या तळटीपेत होता, जो तो शोधेल त्यालाच सापडेल असा. कर्मचाऱ्यांना त्यांचे स्वतःचे आकडे कळवण्याची तरतूद मूळ करारात नव्हती. आम्ही मागणी केल्यावर प्रत्येकासाठी मराठीत एक पान तयार करून दिले, आणि तेच पान बाकीच्या जाडजूड बाडापेक्षा उपयोगी ठरले. नमुने दुसऱ्या शहरात जात असल्याने निकाल यायला कबूल केल्यापेक्षा बराच उशीर झाला, फोनवर प्रत्येक वेळी वेगळे कारण मिळाले. आकारणी नमुन्यागणिक असते, त्यामुळे माणशी आणि कामागणिक मोजायचे म्हटले की बिल वाढते. तरी मी भिंतीवरच्या एका आठ तासांच्या नमुन्यापेक्षा नेमक्या कामांच्या वेळचे चार छोटे नमुने घ्यावेत असेच सांगेन.

कर्मचाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, म्हणजे श्वसनाच्या तक्रारींची प्रश्नावली, फुप्फुसांची क्षमता पाहणारी चाचणी, त्वचेची पाहणी, ही त्यांच्या सेवेत येत नाही आणि त्यांनी तसे आधीच सांगितले होते. ती आम्ही रुग्णालयातच सुरू केली.

टेबल बसल्यानंतर आणि मोरीच्या खोलीत कबुतरांची जाळी लावून खिडकी उघडून तिच्यात पंखा बसवल्यानंतर पुन्हा मोजणी करून घेतली. डॉक्टर आणि तंत्रज्ञांचे आकडे स्पष्टपणे खाली आले. मावशींचा पंधरा मिनिटांचा आकडा २ पीपीएमच्या आत आला खरा, पण युरोपीय मर्यादेच्या आत अजून आलेला नाही. म्हणून त्यांचा मुखवटा कायम आहे आणि बरण्या उघडण्याचे काम आता ओढ असलेल्या टेबलावर हलवण्याचा विचार चालू आहे. त्यासाठी ग्रॉसिंगचे तास बदलावे लागतील, आणि त्यावर विभागात एकमत व्हायचे आहे.

ही सेवा कोणाला उपयोगी पडेल? हिस्टोपॅथॉलॉजी लॅबना तर पडेलच. पण शवविच्छेदन शिकवणारी शरीररचना विभागांची सभागृहे आणि मृतदेह टिकवण्याचे काम करणाऱ्या जागा येथे गरज बहुधा आमच्याहून अधिक आहे. लकडगंजात प्लायवूड आणि एमडीएफ कापणाऱ्या कारागिरांचाही विचार व्हायला हवा, कारण त्यांतील युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकातून हाच वायू सुटतो आणि तेथे लाकडाच्या भुशाची भर पडते. मात्र लहान दुकानदाराला आजचे दर झेपणारे नाहीत, आणि दोन-चार दुकानांनी मिळून एक दिवस घेण्याची सोय संस्थेकडे विचारली तेव्हा त्यांनी नकार दिला नाही. ज्यांना बोलवायचे असेल त्यांनी दिवस निवडताना कॅलेंडरपेक्षा कामाचे वेळापत्रक पाहावे : जुने नमुने टाकण्याचा दिवस, ऑपरेशन थिएटर भरलेले असल्याच्या दुसऱ्या दिवसाची दुपार, आणि जमल्यास एकदा मे महिन्यात कूलर चालू असताना व एकदा जुलैत खिडक्या बंद असताना. संस्थेचा माणूस सोयीचा म्हणून शनिवार सुचवेल. शनिवारी आमच्याकडे अर्धा दिवस काम असते, त्यामुळे आम्ही त्याला मंगळवारी बोलावले.